चौसष्ट टिंबं

ऑफिसात त्याला कोंबडा म्हणत. आता कोंबडा म्हटल्यावर माणूस चार जणांत मान ताठ करून आरवणारा असेल, असं कुणालाही वाटेल. हा तसा नव्हता. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायचा आणि त्यातली पंधरा नुसती "अं?" असायची. नाव पडलं ते कामावरून. मशीनला वीज दिल्यापासून पडद्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत जे दोन-अडीच सेकंद जातात, तेवढ्याच सेकंदांचा तो माणूस होता. मशीन उठवायचं हे त्याचं काम. उठलं की ते दुसऱ्यांचं. मग त्यावर चित्रं कोण काढतो आणि कौतुक कोणाचं होतं, ते त्याने कधी विचारलं नाही. स्वतः मात्र सकाळी तीन गजर लावायचा आणि तिसऱ्यालाही शिव्या देत उठायचा.

हे नाव त्याच्या बिल्डिंगपर्यंतही पोचलं होतं. एकदा ऑफिसातल्या कोणीतरी खालून "कोंबड्या, ए कोंबड्या" अशा हाका मारल्या, आणि तेव्हापासून पहिल्या मजल्यावरच्या आजी त्याला जिन्यात गाठून विचारायला लागल्या, "काय रे, तुझ्याकडची अंडी ताजी असतात का?"

"आजी, मी कर्नलवर काम करतो," त्याने पहिल्यांदा समजावून पाहिलं.

"असू दे, असू दे. कुठलंच काम हलकं नसतं," आजी म्हणाल्या.

त्यानंतर तो "हो, ताजी असतात" एवढंच म्हणू लागला. दिवसातलं ते एक वाक्य घरी वापरलं जायचं.

आजींना जे कळलं नाही ते असं: कर्नल म्हणजे मशीनच्या पोटात सगळ्यात खाली बसलेला कारभारी. कोणाला किती जागा, कोणाचा नंबर कधी, सगळं तो बघतो. पण वीज गेली की हा कारभारी मरतो आणि आली की नव्याने जन्मतो. जन्मतो तेव्हा त्याला डोळे नसतात, तोंड नसतं, पडदा कशाशी खातात ते माहीत नसतं. मशीनचा एकेक भाग त्याला हाक मारून जागा करायचा असतो. या भानगडीत मधेच कुठे तो आपटला, तर "मेलो" म्हणून ओरडायचीही सोय नाही. बाहेरून नुसता काळा पडदा.

त्यावर उपाय एकच. बोर्डाच्या कडेला तीन पिना असतात. त्यांना वायर लावायची, तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरला, आणि कर्नलमध्ये जागोजागी एकेक अक्षर पाठवणारी ओळ घालायची. ए, बी, सी, डी. डी आला आणि ई आला नाही, तर प्रेत डी आणि ईच्या मधे पडलंय. मग तिथे आणखी अक्षरं पेरायची. अंधारात भिंत चाचपत जावं तसं हे काम. कोंबडा ते चौदा वर्षं करत होता. ऑफिसच्या मागच्या बाजूला, बिनखिडकीच्या खोलीत. तिथे दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर खोकी होती, आणि ती खोकी उचलायची वेळ पाच-सहा वर्षांत आली नव्हती.

रविवारी ताईचा फोन यायचा.

"जेवलास?"

"हो."

"काही नवीन?"

"नाही."

"काहीतरी असेल की रे! माणूस आहेस का दगड?"

"एक बोर्ड उठत नव्हता. उठला."

"बरं," ताई म्हणायची, आणि मग आपल्या मुलांबद्दल वीस मिनिटं बोलायची. तो फोन कानाला लावून बसून राहायचा. ताईने ठेवला तरी थोडा वेळ तसाच.

तर एका मंगळवारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एका हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर होत्या. कंपनी त्या हॉस्पिटलला खाटेशेजारची घंटा पुरवायची. घंटा म्हणजे हाताएवढा पडदा आणि एक बटण. पेशंटने बटण दाबलं की सिस्टरांच्या टेबलावर खाटेचा नंबर झळकतो.

"दर सोमवारी सकाळी आमच्याकडे जनरेटर तपासतात," सिस्टर सांगत होत्या. "वीज दोन मिनिटं जाते. परत आली की सगळे पडदे उजळतात, खिडकीकडच्या सात खाटांचे सोडून. दुपारी कधीतरी बंद-चालू केले की येतात."

"तोवर तुम्ही काय करता?" साहेबांनी विचारलं.

"काय करणार? प्रत्येकीला स्टीलचा पेला आणि चमचा दिलाय. वाजवा म्हटलं. काल सहा जणी एकदम वाजवत होत्या. बँडवालेसुद्धा लाजले असते." सिस्टर हसल्या, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "पण एकीचे हातच उचलत नाहीत हो. बोटाने बटण तेवढं दाबता येतं. चाळीस मिनिटं दाबत होती बिचारी. तिची सून मला विचारत होती, आईंकडे कोणीच का नाही आलं? मी काय सांगू तिला?"

फोन ठेवल्यावर साहेब म्हणाले, "शुक्रवारी सकाळी दुरुस्ती आणि रिपोर्ट, दोन्ही पाठवायचं. कारण काय ते मी आत्ताच सांगतो. टिंबकाका."

"अं?"

"सुरुवातीचा सगळा भाग त्यांनीच लिहिलेला ना? जुना माल. रिपोर्टात कोणाच्या तरी माथी खापर फोडावंच लागतं. ते आता घरी बसलेत. त्यांना काय फरक पडतो?"

कोंबड्याने तोंड उघडलं, पण त्याचा त्या दिवसाचा कोटा बहुतेक संपला असावा. तो मागच्या खोलीत गेला. खिडकीकडच्याच खाटा का, हे मात्र त्याला चैन पडू देईना. शेवटी त्याने स्वतः होऊन सिस्टरांना फोन केला. तो स्वतः होऊन कोणाला फोन करतो, ही बातमी तासाभरात ऑफिसभर झाली.

"खिडकीकडे गार असतं हो," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी तिथली भिंत बर्फाची लादी असते नुसती."

झालं. कोंबडा बोर्ड घेऊन उठला तो थेट चहाच्या खोलीतल्या फ्रिजकडे. वरचा कप्पा रिकामा केला, बोर्ड आत ठेवला, वायरी दाराच्या फटीतून बाहेर काढल्या आणि समोर स्टूल टाकून बसला. चहा करणाऱ्या मावशी आल्या तेव्हा त्यांच्या राज्यात हे आक्रमण झालेलं.

"अरे, माझं दूध?"

"खिडकीत."

"आणि अंडी?"

"टेबलावर."

मावशींनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा फ्रिजकडे. "म्हणजे अंडी बाहेर आणि कोंबडा आत! देवा, काय दिवस आलेत!"

हे वाक्य पुढे दोन दिवस प्रत्येक जण चहाला येऊन नव्याने सुचल्यासारखं म्हणाला. कोंबडा दर वेळी थोडं हसायचा. हसून संपलं की लोक कप घेऊन निघून जायचे आणि फ्रिजची घरघर तेवढी उरायची.

दोष सापडायला वेळ लागला नाही. बोर्ड गार झाला, वीज दिली, पडदा काळा. वायरीवर ए, बी, सी, डी. पुढे काही नाही. डी आणि ईच्या मधे कर्नल एका शेजारच्या भागाला पहिली हाक मारायचा. बटण आणि पडदा सांभाळणारा भाग. हाकेला ओ येत नव्हती, आणि कर्नल बापडा उत्तराची वाट बघत जन्मभर उभा.

का येत नाही ते बघायला कोंबड्याने डीनंतर अक्षराऐवजी अख्खं वाक्य घातलं: इथपर्यंत सुखरूप आलो, आता शेजाऱ्याला हाक मारतो. वीज दिली. वाक्य आलं, पाठोपाठ ई आला, एफ आला, आणि फ्रिजच्या उजेडात पडदा झळकला: खाट क्रमांक शून्य.

त्याने वाक्य काढलं. मेला. घातलं. उठला. असं अकरा वेळा केलं. मग वाक्याऐवजी साहेबांना एक शिवी घातली, जरा लांबलचक. उठला. नुसतं चाळीस वेळा तेच ते अक्षर घातलं. उठला. एकदाच घातलं. मेला.

म्हणजे काय बोलतो ते महत्त्वाचं नव्हतं, किती वेळ बोलतो ते होतं. वायर जुन्या चालीची, सावकाश. चाळीस अक्षरं जायला पाव-एक सेकंद सहज लागायचा. तेवढ्यात शेजारी जागा व्हायचा. या वर्षी तो भाग दुसऱ्या कारखान्यातून आला होता. उबेत ठीक, पण थंडीत आळशी. कर्नल त्याच्या उशाशी जाऊन ओरडायचा तेव्हा हा अजून पांघरुणात.

पण मुळात कर्नल इतक्या घाईत का? कोंबड्याने कामाची जुनी नोंद उघडली. कोणती ओळ कोणी कधी घातली, कधी काढली, का काढली, सगळं त्यात राहतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. डी आणि ईच्या मधे, बरोबर त्याच जागी, पूर्वी एक ओळ होती. वायरीवर चौसष्ट टिंबं पाठवणारी. सहा वर्षांपूर्वी ती काढलेली. काढणाऱ्याने शेरा मारला होता: "निरुपयोगी. पलीकडे कोणी ऐकत नाही."

काढणाऱ्याचं नाव त्याने दोनदा वाचलं. त्याचंच होतं.

टिंबकाकांनी त्याला हे काम शिकवलं होतं. दुसऱ्या खुर्चीवर ते बसायचे. वायर कशी धरायची, काळ्या पडद्याकडे बघून न चिडता कसं बसायचं, सगळं त्यांचं. दुपारी दोघांचे डबे एकाच टेबलावर उघडायचे. काका जिथे तिथे टिंबं घालायचे म्हणून त्यांना हे नाव. मग साहेबांना एकदा वाटलं की मशीन जरा चटकन उठायला हवं, आणि नव्या उमेदीच्या कोंबड्याने अर्धा सेकंद शोधून दाखवला. भर मीटिंगमध्ये. वर विचारलं, "काका, ही चौसष्ट टिंबं कोणासाठी? हॉस्पिटलात तर वायरच नसते. भिंतीशी बोलतंय का ते?"

सगळे खो खो हसले. काका नुसते म्हणाले, "थोडं थांबलं तर काय जातं रे?" त्यावर आणखी हसले. पुढच्या महिन्यापासून काकांचा डबा दुसऱ्या टेबलावर उघडू लागला, आणि वर्ष व्हायच्या आत ते मुदतीआधीच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी कोंबड्याला ताप होता. म्हणजे तसं त्याने कळवलं होतं.

दुरुस्ती गुरुवारी दुपारपर्यंत झाली. रिपोर्ट लिहायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत मोठ्याने वाचला.

"दोष जुन्या कामात नाही. सहा वर्षांपूर्वी मी एक ओळ न समजता काढली. मूळ लिहिणाऱ्याने ती दूरदृष्टीने घातली होती." साहेबांनी कागद खाली ठेवला. "असं लिहितात का कोणी? हॉस्पिटलवाले येणार आहेत का तुझी ती जुनी नोंद उघडायला?"

"नाही."

"इथे तरी कोणी उघडतं का?"

"नाही."

"मग?"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, साहेब."

साहेब त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. चौदा वर्षांत या माणसाने म्हण वापरलेली त्यांना आठवत नव्हती, आणि वापरली तीही स्वतःवर. त्यांना हसू आवरेना. पण हसू ओसरल्यावर म्हणाले, "नव्या मशीनचं काम तुझ्याकडे देणार होतो. हे असं वर गेलं तर नाही देता येणार. विचार कर. उद्या सकाळी पाठवायचंय."

"द्या दुसऱ्याला," कोंबडा म्हणाला. मागच्या खोलीत जाऊन त्याने बॅग भरली. हे नवं मशीन तो दोन वर्षं मनात उठवत आला होता.

काकांचं घर तळमजल्यावर, गल्लीच्या टोकाला. दारापुढे तो बराच वेळ उभा राहिला. शेवटी आतूनच आवाज आला, "कोण आहे? सावली दिसतेय, माणूस दिसत नाही."

"मी. कोंबडा."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कडी निघाली. काका वाळले होते. सदरा त्यांच्यापेक्षा दोन मापं मोठा वाटत होता. "चपला आत काढ. बाहेर ठेवल्या तर कुत्रं नेतं."

बस म्हणायच्या आतच कोंबड्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फ्रिज, टिंबं, शेरा, ताप नव्हता तेही. वीस वाक्यांचा हिशोब केव्हाच सुटला होता. काका ऐकत चहा करत होते. चहा दोन कपांत ओतून त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, चष्मा लावला, ओठ हलवत वाचू लागले. शेवटच्या वाक्यापाशी आले आणि असे हसले की ठसका लागला.

"दूरदृष्टी! अरे, मला जवळचं दिसत नाही, दूरचं कुठलं?"

"पण काका, तुम्ही म्हणाला होतात, थोडं थांबलं तर..."

"ते लाज राखायला म्हटलं रे. सगळ्यांसमोर विचारलंस, कोणासाठी ही टिंबं? काय सांगणार होतो?" काकांनी कप खाली ठेवला. "ती ओळ लिहिली त्या वर्षी तुझी काकू गेली. घरी जाऊन करायचं काय, म्हणून ऑफिसातच बसायचो, वायर लावून. मशीन चालू केलं की तो काळा पडदा. ते दोन सेकंद मला खायला उठायचे. म्हणून टिंबं घातली. निदान पलीकडून काहीतरी येतंय असं वाटायचं. चौसष्ट का, तर तेवढ्यात माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक ओळ भरायची. शेजारी जागा होतो की झोपतो, मला काय ठाऊक? माझ्या वेळचा भाग टणाटण उठायचा."

कोंबड्याने चहा एका घोटात संपवला. ज्यासाठी त्याने नवं मशीन सोडलं, ती दूरदृष्टी मुळात नव्हतीच.

"म्हणजे रिपोर्ट चुकला," तो म्हणाला.

"चुकलाच. ते दूरदृष्टी खोड. माझ्या नावावर नसलेलं शहाणपण नको."

"आणि बाकीचं?"

"तुझी चूक ना? ती राहू दे. ती खरी आहे." काकांनी रिपोर्ट घडी करून परत दिला, आणि त्यांच्या डोळ्यांत जुनी धार आली. "आता काय घातलंस तिथे?"

"त्या भागाला आधी विचारतो, उठलास का. हो म्हणेपर्यंत थांबतो. मग हाक."

"शाब्बास. आणि?"

"...आणि चौसष्ट टिंबं परत घातलीत."

"कशाला?"

कोंबड्याने रिपोर्टाची घडी आणखी एकदा घातली.

"काढ," काका म्हणाले. "तिथे बाई चाळीस मिनिटं बटण दाबत होती म्हणतोस, आणि तू अर्धा सेकंद माझ्या आठवणीत घालवणार? काढून टाक."

"पुन्हा?"

"पुन्हा. या खेपेला विचारून काढतोयस एवढंच."

पुढच्या सोमवारी वॉर्डातले सातही पडदे उजळले, सिस्टरांनी फोन करून सांगितलं. पेले मात्र बायकांनी परत दिले नाहीत. दुपारी एकमेकींना हाक मारायला बरे पडतात म्हणाल्या. नवं मशीन दुसऱ्याकडे गेलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी कोंबडा निघायला उठला तेव्हा त्याचं लक्ष फळीवर गेलं. औषधांच्या डब्यांमागे खाटेशेजारची एक घंटा उभी होती, धूळ खात.

"निरोपाला दिली," काका म्हणाले. "फुलं परवडली असती. निदान सुकली तरी असती."

कोंबड्याने ती उलटून मागचा नंबर पाहिला. सगळ्यात पहिल्या खेपेतली. टिंबं काढायच्या आधीची. तो खाली बसला, बॅगेतून वायर काढली, तीन पिनांना लावली, कॉम्प्युटर उघडून काकांच्या पुढ्यात सरकवला आणि वीज दिली.

पडदा काळा. ए, बी, सी, डी असलं काही तिच्यात नव्हतं. नुसतं एक टिंब आलं, मग त्याच्या मागोमाग दुसरं, आणि मुंग्यांची रांग निघावी तशी टिंबं सरकत सरकत ओळीच्या टोकापर्यंत गेली. मग घंटेचा पडदा उजळला.

काका पुढे वाकले होते. "बंद कर," ते म्हणाले. "परत लाव."

त्याने परत लावलं. पाच-सहा वेळा. सातव्या वेळी काकांनी त्याचा हात बाजूला करून विजेचं बटण स्वतःच दाबलं.

बाहेर दिवे लागले होते. दाराशी कोंबडा चपला घालत असताना काकांनी मागून हाक मारली. "अरे, वायर राहिली तुझी."

"असू दे. परत येईनच ना."

"कधी?"

कोंबड्याने याआधी कोणाला वार सांगितला नव्हता. त्याला जरा विचार करावा लागला. "रविवारी. ताईचा फोन झाला की."

"सकाळीच ये. मी साडेपाचला उठून बसलेला असतो."

"काका," कोंबडा म्हणाला, "साडेपाचला मी कुठला उठतोय?"